वाळू भरलेला पाइप

हत्ती-रेडा लोळवणाऱ्या रायफली बांधणारा माणूस संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणायचा, आणि वर्कशॉपात मुंग्यांची रांग लागली तर लेथकडे जाताना तिला वळसा घालून जायचा, असं मी सांगितलं की लोकांना वाटतं मी रंगवून सांगतोय. मी एक अक्षर रंगवत नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या वर्कशॉपात मी कागदपत्रांचा माणूस होतो. परमिट, कस्टम, परचेस ऑर्डर, सगळं माझ्याकडे. रायफली ते बांधायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पठाण मदतनीस म्हणे, मल्याळी स्टोअरकीपर म्हणे, खुद्द मालक म्हणे, म्हणून मीही म्हणायला लागलो. ते मला 'कागद' म्हणत. "ए कागद, चहा सांग."

मूळचे चिंचवडचे. तिकडे कुठल्याशा कारखान्यात टूलरूममध्ये वीस वर्षं काढून नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला इकडे आले. अल नहदाला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. सकाळी माझ्या गाडीतून यायचे आणि दुबईच्या दिशेने तुंबलेली गर्दी उलट्या बाजूने बघून रोज एकच वाक्य म्हणायचे, "बघ, एवढे लोक चुकीच्या बाजूला चाललेत." दहा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. शेवटी शेवटी ते म्हणायच्या आत मीच हसायला लागायचो.

उभ्या आयुष्यात या माणसाने खांद्याला लावून एक गोळी झाडली नव्हती. रायफल तयार झाली की ती ट्रकच्या जुन्या टायरात आवळून बांधायची, चापाला दोरी लावायची आणि दोरीचं टोक धरून भिंतीआड उभं राहायचं. दोन्ही कानांत कापूस, त्यावर मफलर. शारजात, जून महिन्यात, मफलर. दोरी ओढताना डोळे गच्च मिटलेले. धडाम झालं की पहिला प्रश्न मला, "झालं ना रे?" मग तिकडे जाऊन काडतुसाचं रिकामं नळकांडं भिंगाखाली धरून पाव तास बघत बसायचे. ते नळकांडं त्यांना काय सांगायचं कोण जाणे, पण ते समाधानाने मान डोलवायचे आणि मफलर सोडायचे.

कामाची त्यांची तऱ्हाही त्यांचीच. रायफलच्या नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा कोरतात, तिला चेंबर म्हणतात. ते कोरायची हत्यारं उस्ताद आपल्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवत. कोरताना रेडिओ बंद, पंखा बंद, बोलणं बंद. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक लेथला आणि दुसरं कानाला लावून ते आवाज ऐकायचे. केसभर कोरलं की थांबायचे, पुसायचे, मोजायचे, पुन्हा केसभर. एखादं चेंबर दोन दिवस चालायचं. मालक, म्हणजे आमचे अरबाब, काचेपलीकडून बोटांचा चिमटा करून 'शुवय्या, शुवय्या, किती तुमचं हे हळूहळू' अशा खुणा करायचे. उस्तादांचं उत्तर ठरलेलं होतं. "अरबाब, कोरलेलं परत चिकटत नाही. लहानाचं मोठं कधीही करता येतं. मोठ्याचं लहान या दुनियेत कोणाला जमलेलं नाही."

गिऱ्हाईक यायचं ते आकडा घेऊन यायचं. थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह पाहिजे, फोर-फिफ्टी-एट पाहिजे. हे आकडे नळीच्या आतल्या रुंदीचे. आकडा मोठा तशी गोळी मोठी, आणि तसा खांद्याला बसणारा दणकाही मोठा. आफ्रिकेला निघालेल्या माणसाला मोठाच आकडा हवा असतो आणि नळी लांब हवी असते. उस्ताद म्हणायचे, "लांब नळी फोटोत छान दिसते. जीपमध्ये चढताना दारात अडकते." काय मारणार, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. विचारायचे ते, "कौन उठाएगा?" कोण वागवणार?

आणि मग ते कोपऱ्यातून पाइप काढायचे.

पाइप म्हणजे साधा पाण्याचा लोखंडी पाइप. असे पाच-सहा होते, वेगवेगळ्या लांबीचे. गिऱ्हाइकाला हवी तेवढी लांबी निवडायची, एकूण वजन होणाऱ्या रायफलीइतकं होईल एवढी वाळू आत भरायची, दोन्ही टोकांना बूच, वर चिकटपट्टी, मधे खांद्यावर अडकवायला पट्टा. "सात दिवस वागवा. जेवताना, गाडीत, चालताना. आठव्या दिवशी सांगा, कोणती नळी हवी." बहुतेकांना तिसऱ्या दिवशी अक्कल यायची आणि लांबी चार इंच कमी व्हायची.

तेल कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाने हे व्रत फार निष्ठेने पाळलं. दुबईत देरा भागातल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये पाइप खांद्यावर घेऊन तो लिफ्टमध्ये शिरला, तर चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि गळकं सिंक दाखवलं. त्याने ते दुरुस्त करून दिलं. आम्हाला येऊन सांगताना इतका खूश होता की रायफल मिळाल्यावरसुद्धा तेवढा झाला नसेल.

पाइप परत आला की उस्ताद तो भाजीवाल्याच्या तराजूत तोलायचे. हो, तराजूच, पारडी आणि लोखंडी वजनं. डिजिटल काटा समोर पडलेला असायचा. "त्याची बॅटरी खोटं बोलते," म्हणायचे. पाइप का तोलता असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माणूस तोलतोय."

आता अबू राशिदची गोष्ट सांगतो, कारण उस्ताद म्हटलं की मला तीच आठवते, आणि तिच्यात माझा गाढवपणा आहे.

अबू राशिद हे आमच्या अरबाबांच्या आईकडून नात्यातले, तिकडे डोंगरांच्या बाजूच्या गावातले वयस्कर गृहस्थ. बाकीचे बुजुर्ग अरब फर्डं हिंदी बोलत. यांना हिंदी जेमतेम. माझं अरबी सरकारी खिडक्यांवर उभं राहून राहून शिकलेलं, त्यामुळे दुभाषा मी. त्यांना फोर-फिफ्टी-एट हवी होती, त्यातही लांब काडतुसाचं मोठं चेंबर. टांझानियाला जायचं, रानरेडा मारायचा, मुलगा राशिद बरोबर. राशिद तिशीचा, बँकेत नोकरीला, शांत.

पाइप दिला. सात दिवसांनी अबू राशिद आले, पाइप टेबलावर आपटून म्हणाले, काही वाटलं नाही, पिसासारखा आहे. उस्तादांनी तो हातात घेतला मात्र, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "खांद्याला लावून दाखवा म्हणावं." म्हाताऱ्याने पाइप उजव्या खांद्याला लावला आणि मान पार वाकडी करून डाव्या डोळ्याने नेम धरला.

ते गेल्यावर उस्तादांनी पाइप तोलला. अर्धा किलो कमी. चिकटपट्टी पुन्हा लावलेली दिसत होती. एवढा मोठा माणूस, घरात चार ड्रायव्हर, पण दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायला मन झालं नाही. गुपचूप बूच उघडून अर्धा किलो वाळू ओतून टाकली. मी हसलो. उस्ताद हसले नाहीत. "डोळ्याचं विचार पोराला," म्हणाले.

राशिदला मी पार्किंगमध्ये गाठलं. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "प्लीज, फादरला सांगू नका मी बोललो. लास्ट इयर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, रेटिना. डॉक्टर सेड नो जर्क टू द हेड. हार्ड जर्क आणि खलास, डोळा जाईल. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू आहेच. बट ही वोन्ट लिसन. म्हणतात, एकदा रेडा मारतो, मग आंधळा झालो तरी चालेल."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही नाही मारणार?"

"आय कान्ट," तो म्हणाला. "मोठ्या गनची भीती वाटते. चाप ओढायच्या आधीच मी डोळे मिटतो." तिशीच्या माणसाने अशी कबुली द्यावी, याचं मला फार कौतुक वाटलं. आमचे उस्तादही डोळे मिटतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक. अरबाब, अबू राशिद, उस्ताद, मी, मधे खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी. उस्ताद मला मराठीत म्हणाले, "त्यांना सांग, ही रायफल होणार नाही. डोळा जाईल. शब्द तू निवड, पण 'नाही' पोचलं पाहिजे."

आणि मी काय केलं? माझ्या अंगात ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरातले संस्कार. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की 'बघू' म्हणतात. समोर मालक, मालकाचा नातलग, हातात त्याने ओतलेला गहवा. मी अरबीत म्हणालो, "उस्ताद म्हणतायत, थोडा वेळ लागेल."

अबू राशिद प्रसन्न झाले. म्हणाले, लागू दे, सफारीला तीन महिने आहेत. हात मिळवले, उठले, गेले. उस्तादांनी मला विचारलं, "एवढं हसत कसं गेले?"

मी खरं सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं आता तोंडात बसते. म्हणाले, "ठीक. आता होकार दिलायस तर रायफल करू. पण मी सांगतो ती." आणि त्यांनी मला परचेस ऑर्डर लिहायला लावली: नळी थ्री-सेव्हन्टी-फाइव्हची, जाडी मिळेल तेवढी जास्त.

त्यांचा हिशेब त्यांनी मला तराजूपाशी उभं करून समजावला. "म्हाताऱ्याला किती झेपतं हे त्यानेच सांगितलंय, वाळू ओतून. मी त्याहून किलोभर जड करणार. तो दोन दिवस वागवेल, तिसऱ्या दिवशी पोराच्या हातात देईल. नळी जड म्हणजे दणका कमी, चेंबर लहान म्हणजे आणखी कमी. पोराने एकदा डोळे उघडे ठेवून मारली की झालं."

"आणि तिसऱ्या दिवसाच्या आधीच रेडा दिसला तर?"

"तर मी चुकलो," म्हणाले. ते काही देव नव्हते, आणि हे त्यांना माहीत होतं. तेवढ्यासाठी त्यांनी मला पुन्हा पार्किंगमध्ये पाठवलं. पहिले दोन दिवस फक्त माग काढायचा, गोळी नाही, असं तिकडच्या शिकाऱ्याला आधीच कळवून ठेव, असा राशिदला निरोप.

महत्त्वाची अडचण पुढेच होती. उस्ताद खोटा आकडा ठोकणाऱ्यांतले नव्हते. नळीवर जो आकडा ठोकतात तो वाचून पुढचा माणूस काडतूस भरतो. तिथे खोटं म्हणजे कोणाचा तरी जीव. म्हणून चेंबर कोरून झाल्यावर त्यांनी ठसठशीत ३७५ ठोकला आणि रायफल राजरोस फळीवर ठेवली. द्यायच्या आदल्या दिवशी अरबाबांनी ती उचलली, आकडा वाचला, आणि जो काय आवाज चढला तो पलीकडच्या गॅरेजमधले लोक बघायला आले.

"मी चार-अठ्ठावन्न सांगितली! किसने बोला ये बनाने को?"

"मैंने," उस्ताद म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

अरबाबांनी तिजोरीतून उस्तादांचा पासपोर्ट काढून टेबलावर आपटला. अबू राशिद नाराज झाले तर व्हिसा कॅन्सल, यल्ला, घरी. तो पासपोर्ट मग टेबलावरच राहिला, पेपरवेट ठेवल्यासारखा, येताजाता दिसेल असा.

उस्तादांची मुलगी त्या वर्षी बारावीला होती, दुबईत ऊद मेथाच्या शाळेत. बोर्डाची परीक्षा सहा आठवड्यांवर. बापाचा व्हिसा गेला की तिचाही जाणार. त्या संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा काकू भाजी निवडत होत्या आणि मुलगी फिजिक्सच्या वहीवरून मान वर न करता म्हणत होती, "बाबा, प्लीज. एव्हरीथिंग इज नॉट अ प्रिन्सिपल. जस्ट मेक व्हॉट द मॅन वॉन्ट्स."

"मोठं करता येतं गं कधीही," उस्ताद म्हणाले. "डोळा परत करता येत नाही."

मी काकूंना सांगायला तोंड उघडलं की चूक माझी आहे, तर उस्तादांनी मला दाराबाहेर काढलं. "तू चूक केलीस म्हणून मला सुचलं," म्हणाले. "नुसतं नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दुकानात गेला असता." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की खरंच तसं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. जिना उतरताना मला रडू आलं होतं, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी अबू राशिद आले. रायफल उचलली, आकडा वाचला. मला विचारलं, हे काय? या वेळी मी शब्द गिळले नाहीत. म्हणालो, "उस्ताद म्हणतात, लहानाचं मोठं करता येतं, मोठ्याचं लहान नाही. आधी ही वापरा. मोठी करायला थोडा वेळ लागेल."

"तू त्या दिवशीही हेच म्हणालास," ते म्हणाले. त्यांनी रायफल पुन्हा उचलली, खांद्याला लावली, खाली केली, आणि उस्तादांकडे बघत राहिले. दहा दिवसांवर प्रवास, परमिट या रायफलीच्या नंबरवर निघालेलं; दुसरी बांधायला वेळ नव्हता. जड आहे, एवढंच म्हणाले आणि घेऊन गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे पासपोर्ट टेबलावर होता. उस्ताद नेहमीप्रमाणे बारा वाजून दहा मिनिटांनी डबा खायचे, मुंग्यांना वळसा घालायचे. फक्त गाडीत ते वाक्य म्हणायचे नाहीत. मला ते वाक्य इतकं आवडतं हे मला तेव्हा कळलं.

बापलेक परत आले ते थेट वर्कशॉपात. अरबाब उभे राहिले. मी उस्तादांच्या मागे. अबू राशिद खुर्चीत बसले, गहवा घेतला, तीन फिंजान, म्हणजे इवले कप, संपवले. मग मुलाकडे हनुवटी करून म्हणाले, "दोन दिवस मी वागवली. तिसऱ्या दिवशी सकाळी याला दिली. याने मारला."

उस्तादांनी राशिदला विचारलं, "आँख खुला था?"

"ओपन," राशिद म्हणाला. "बोथ."

अबू राशिदनी मला विचारलं, "उस्तादला विचार, मोठी कधी करणार?"

उस्ताद माझ्याकडे वळले. "त्या दिवशी तू काय म्हणाला होतास? तेच सांग."

मी सांगितलं, थोडा वेळ लागेल. म्हातारा खळखळून हसला. जाताना कोपऱ्यातला तो पाइप त्याने स्वतः उचलला. रायफल पोराची, पाइप माझा, म्हणाला. अरबाबांनी पासपोर्ट तिजोरीत टाकला आणि जणू काही घडलंच नव्हतं अशा आवाजात चहा मागवला. सोमवारी गाडीत बसल्या बसल्या उस्ताद म्हणाले, "बघ, एवढे लोक चुकीच्या बाजूला चाललेत." महिन्याभराने मुलीचा फिजिक्सचा पेपरही बरा गेला.

पुढे दर वर्षी ईदच्या आधी अबू राशिद यायचे, खजुराचा डबा ठेवायचे आणि विचारायचे, "मोठी कधी?" उस्ताद म्हणायचे, "थोडा वेळ लागेल." तेवढं अरबी ते शिकले होते. दोघांचं बोलणं एवढंच, पण त्यासाठी म्हातारा डोंगरातून दीड तास गाडीतून यायचा.

उस्ताद कायमचे चिंचवडला गेले, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी राशिद एकटा आला. हातात खजुराचा डबा, खांद्यावर पाइप. वडील आठवड्यापूर्वी गेले होते. शेवटपर्यंत रोज पहाटे कुराण स्वतः वाचायचे, म्हणाला, उजव्या डोळ्याने. आणि सांगून गेले होते की पाइप उस्तादला परत कर.

मी तिथूनच चिंचवडला फोन लावला. उस्तादांनी सगळं ऐकलं. 

"पाइप तोल," म्हणाले.

"आता? उस्ताद, अहो..."

"तराजू आहे ना? तोल."

राशिद बघत होता. मी पाइप पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत गेलो. काटा मधोमध उभा राहिला तो पहिल्या दिवशी पाइप दिला होता तेवढ्याच वजनावर. अर्धा किलोची तूट नव्हती. मी बूच उघडलं. खाली शेजारच्या बांधकामावरून आम्ही आणलेली पांढरट वाळू, आणि वर चांगली वीतभर, डोंगराकडची लाल.

"पुरा आहे," मी फोनवर म्हणालो. "परत भरलीय त्यांनी."

पलीकडून उस्तादांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"लबाड," ते म्हणाले. "पोराला विचार, कधी भरली."

मी विचारलं. राशिद म्हणाला, "आफ्रिकेहून आलो त्याच दिवशी."